असाधारण अक्षरे कोणती?

पाठभेदांची नोंद ठेवण्यास उपयुक्त अशा ‘गिट’ (२००५) या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत फाइलीला ‘कविता’ हे नाव दिले, की बदलांच्या यादीत त्या जागी १५ अष्टमान संख्यांची माळ उमटते. एकट्या ‘क’साठी ३४०, २४४, २२५. नाव नष्ट झालेले नसते, ‘कोअर.कोटपाथ’ हा पर्याय बंद करताच ते पूर्ववत दिसते. परंतु इंग्रजी वर्णमालेबाहेरील प्रत्येक अक्षर ‘असाधारण’, हे मूळ गृहीतक तसेच राहते. त्याला बिचकून अभ्यासक फाइलींची नावे रोमन लिपीत लिहू लागला, तर ‘कळ’ आणि ‘कल’ यांतील भेदच पुसला जातो. पाठचिकित्सेला हे परवडणारे नाही. जुन्या यंत्रांसाठी ही खबरदारी समर्थनीय असेलही. आज मात्र ती नियम नव्हे, अपवाद असावी. तोवर आपण देवनागरी नावांचा आग्रह सोडू नये.