परगावी निघालेली मुले आणि आपला धर्मग्राम



मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यातच होता. म्हणून नांदेड-लातूरकडील कुटुंबांना ते शहर परके वाटत नाही. आजही आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जातात. निरोप देताना आईबापांच्या मनात एकच शंका डोकावते : पोर देवाला तर विसरणार नाही ना?

ही शंका नवी नव्हे. बेल्जियमच्या एका श्रमिक घरातील जोझेफ कार्डाइन सेमिनरीतून सुट्टीला घरी आले, तेव्हा कारखान्यात गेलेले त्यांचे शाळासोबती ख्रिस्तसभेला दुरावलेले त्यांना दिसले. ती खंत त्यांनी जन्मभर जपली आणि १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभारली. पाहा, पारखा, कृती करा, ही तिची रीत. धर्मगुरूंनी आयती उत्तरे न देता तरुणांनीच शुभवर्तमानाच्या उजेडात आपला मार्ग शोधावा, असा तिचा आग्रह. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात ह्याच रीतीची शिफारस केली.

तरुणाला वेळीच दिलेला हात काय घडवतो, हे हैदराबादच्या महाधर्मप्रांतातच पाहावे. कर्नूल जिल्ह्यातील एका दलित कुटुंबात जन्मलेल्या अँथनी पूला यांचे शिक्षण सातवीनंतर दारिद्र्यामुळे थांबले होते. मिशनऱ्यांच्या साहाय्याने ते पुन्हा शाळेत गेले. पुढे बिशप झाल्यावर तेलुगू बिशपांच्या युवा आयोगाची धुरा त्यांनी वाहिली. २०२० साली हैदराबादच्या आर्चबिशपपदी त्यांची नेमणूक झाली व २०२२ साली ते कार्डिनल झाले. दलित समाजातील ते पहिलेच कार्डिनल होत.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू. सणाला मंडप घालावयास आम्हांस तरुण हवे असतात. मात्र हिशेब, सल्ला व निर्णय यांची वेळ येताच आम्ही त्यांस दाराबाहेर ठेवतो. ज्याला गावच्या ख्रिस्तमंदिरात कधी जबाबदारी मिळाली नाही, तो शहरातील ख्रिस्तमंदिराची पायरी आपण होऊन का चढेल?

म्हणून आमची विनंती अशी : धर्मग्राम मंडळावर दोन तरुण-तरुणींना घ्यावे, त्यांचे प्रश्न न रागावता ऐकावे, आणि मूल परगावी निघाले की तेथील धर्मगुरूंच्या नावे आपल्या फादरांचे पत्र त्याच्यापाशी द्यावे. शिदोरीत भाकरीबरोबर तेही असू द्या.