आकांक्षा खचते कुठे?

मोठी स्वप्ने पाहत नाहीत म्हणून ग्रामीण विद्यार्थी मागे पडतात, हा समज अर्धसत्य आहे. ‘असर’च्या २०१७ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे ६० टक्के मुलामुलींना बारावीपुढे शिकायचे होते, दुसरीचा मजकूर सलग वाचू न शकणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ३५ टक्केच होते. वाचनातील अपयशाने आत्मविश्वास खचतो, पाठोपाठ आकांक्षाही आक्रसते, असाच याचा अर्थ दिसतो. शिवाय ४० टक्क्यांसमोर कोणताही आदर्श नव्हता. शहरी मध्यमवर्गीय मुलाला तो घरात वा शेजारीच भेटतो. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात ज्या ग्रामपंचायतींचे प्रधानपद सलग दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तेथे मुलगे व मुली यांच्या आकांक्षांतील अंतर घटले आणि शिक्षणातील अंतर मिटले. प्रेरणादायी व्याख्यानांपेक्षा वाचनाचा पक्का पाया आणि डोळ्यांसमोरचे उदाहरण यांवरच धोरणाचा भर हवा.