बाजारातली वजाबाकी

मुलांनो, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदन असो, मंठा असो की घनसावंगी, बाजाराचा वार ठरलेला असतो. एका गावचा बाजार उठला की मसालेवाला आणि बांगडीवाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी पाल ठोकतात. शेतकरी मात्र पहाटे खुडलेली मेथी, शेपू, आंबटचुका घेऊन जवळच्याच बाजारी येतो. कुठे मिरचीचा ठसका, कुठे मोसंबीचे ढीग, कुठे गोडीशेवेची परात! पण आज मी तुम्हाला खाऊबद्दल नाही, बाजारातल्या गणिताबद्दल सांगणार आहे.

भाजीवाल्या मावशींकडे नीट बघा. आईने ६५ रुपयांची भाजी घेतली आणि २०० रुपये दिले. मावशी वजाबाकी मांडत नाहीत, हातचाही घेत नाहीत. पाच रुपये ठेवतात, म्हणतात "सत्तर". तीस ठेवतात, "शंभर". शंभराची नोट ठेवतात, "हे घ्या दोनशे". झाली की वजाबाकी! आईच्या हातात बरोबर १३५ रुपये आले. ही वजाबाकी बेरजेच्या वाटेने केलेली आहे, आणि ती अगदी बिनचूक आहे, बरं का.

असा तोंडी हिशेब आपल्याकडे फार जुना. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, दिडकी म्हणजे दीडचा. त्या काळी १६ आण्यांचा रुपया होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. मराठवाड्यात तर निजामाचा हाली शिक्काही चालायचा. इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये! आता सांगा, पणजोबांचा हिशेब सोपा होता का?

आता जरा वर्गात येऊ. काही मुलं आईबाबांबरोबर बाजारात बसतात. तीन पाव वांग्यांचे पैसे ती चटकन सांगतात, पण तेच गणित फळ्यावर लिहिलं की गप्प बसतात. मग मागून कुणीतरी "मठ्ठ" म्हणतं. थांबा हं! २०२५ साली 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं त्यांनी पाहिली. अवघड हिशेब ती मनातल्या मनात करत, पण पुस्तकातल्या गणिताला अडत. आणि शाळेत हुशार असलेली, पण बाजार न पाहिलेली मुलं? ती बाजारातल्या हिशेबाला अडत! म्हणजे मठ्ठ कुणीच नाही. दोघांनाही अर्धंअर्धंच गणित येतं. उरलेलं अर्धं त्यांनी एकमेकांकडून शिकायचं असतं.

पालकांनाही दोन शब्द. बाजाराच्या दिवशी हजेरीपटावर गैरहजेरी वाढते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. घरची अडचण समजते. तरीही शाळा बुडवू नका. शाळा सुटल्यावर लेकरू तासभर तुमच्याजवळ बसलं तर शिकेलच. पण बुडालेला धडा बाजारात विकत मिळत नाही. ज्यांची मुलं बाजाराला जात नाहीत, त्यांनी मुलाच्या हाती शंभर रुपये आणि छोटी यादी द्यावी. चुकलं तर चुकू द्या. आणि मुलांसमोर भाजीच्या जुडीमागे दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती जुडी पिकवायला किती दिवस लागले, तेही गणितच आहे.

मुलांनो, येत्या बाजाराला हे करून पाहा. काकड्या ४० रुपये किलो असतील, तर तीन पावाचे किती? दीड किलोचे किती? आधी मनात, मग वहीत. दोन्ही उत्तरं जुळली की समजा, तुमचं गणित पूर्ण झालं. आणि बाजारात बसणारा मित्र वर्गात असेल, तर त्याला म्हणा, "तुझी रीत मला शिकव, माझी मी तुला शिकवतो." दोघांचाही पेपर सोपा जाईल.