महापालिकेच्या शाळांवर देखरेख कोणाची?

नागपूर महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली. तेव्हांपासून २०२६ च्या जानेवारींतील निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. सभागृह नव्हतें, अर्थात् सभागृहाची शिक्षण समितीहि नव्हती. रस्त्यास खड्डा पडला कीं व्यापारी ओरडतात, नळास पाणी आलें नाहीं कीं मोहल्ला ओरडतो. महापालिकेच्या शाळांविषयीं जाहीरपणें जाब विचारण्याची जागा मात्र जवळजवळ चार वर्षें रिकामी राहिली, आणि तिची उणीव आमच्या बहुतेक वाचकांस जाणवलीहि नसेल. त्यांचीं मुलें त्या शाळांत जात नाहींत, हें त्याचें उघड कारण होय.

आतां १५१ सभासदांचें सभागृह निवडून आलें आहे. समिती व सभापति हे होतच असतात. परंतु पूर्वीची घडी जशीच्या तशी बसली म्हणजे शाळांचा प्रश्न सुटला, असें आम्हांस वाटत नाहीं.

प्राथमिक शिक्षणाचा भार नगरसंस्थांवर टाकण्याचा विचार नवा नव्हे. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं मांडलेल्या बिलांत तोच विचार होता. १९१२ मध्यें तें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें, तरी पुढें १९२० सालीं आपल्या मध्यप्रांतांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झालाच. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आणखी एक पाऊल टाकिलें. त्याच्या २१ व्या कलमान्वयें प्रत्येक सरकारी व नगरसंस्थेच्या शाळेस व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तींत तीनचतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख करणें, अनुदानाचा विनियोग पाहणें आणि शाळेच्या विकासाची योजना तयार करणें हीं तिचीं कामें.

कागदावर ह्याहून लोकसत्ताक व्यवस्था कोणती असणार? पण हे पालक कोण, तें पहा. कोणी गवंड्याच्या हाताखालीं काम करितो, कोणी इतवारींत हमाली करितो, कोणी चार घरचीं धुणींभांडीं करिते. सभा दुपारीं ठेविली तर अशा माणसाची दिवसाची मजुरी बुडते. शिवाय समितीचा सचिव मुख्याध्यापकच असतो. ज्याच्या कामावर देखरेख करावयाची त्यानेंच सभा बोलवावी व इतिवृत्त लिहावें, ही रचना पालकांस बोलतें करणारी नव्हे. मुख्याध्यापकांचा ह्यांत दोष नाहीं. छपराच्या दुरुस्तीसाठीं त्यांसहि वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहावी लागते.

दुसरा मार्ग महापालिकेनें चोखाळलाच आहे. आकांक्षा फाउंडेशन ह्या संस्थेच्या साह्यानें तिनें इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढिल्या. आमचा त्यास विरोध नाहीं. गरिबाच्या मुलास इंग्रजी शिकावेंसें वाटलें तर त्यांत वावगें काय? परंतु संस्थेशीं झालेला करार कधीं तरी संपतो, पालक मात्र मोहल्ल्यांतच राहतात. आणि मराठी, हिंदी व उर्दू शाळांतील मुलांनीं कोणत्या संस्थेची वाट पाहावी?

अडाणी पालक काय कारभार करणार, असा आक्षेप आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतों. मास्तर वेळेवर आले कीं नाहीं, मुलींच्या शौचकूपास पाणी आहे कीं नाहीं, तिसरींतल्या पोरास वाचतां येतें कीं नाहीं, हें समजण्यास पदवी लागत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांनीं तर हा आक्षेप घेऊंच नये. घरपट्टीबरोबर राज्याचा शिक्षण करहि ते भरितात. दुकानच्या पै-पैचा हिशेब रात्रीं पाहणाऱ्यानें ह्याच पैशाबद्दल उदासीन राहावें, हें चमत्कारिक नव्हे काय?

आमची सूचना लहान आहे. समितीच्या सभा रविवारीं किंवा संध्याकाळीं व्हाव्या व इतिवृत्त शाळेच्या फाटकावर लागावें. किरकोळ दुरुस्तीपुरती रक्कम समितीच्या हातीं असावी. २२ व्या कलमाप्रमाणें शाळेची जी योजना होते ती अंदाजपत्रकापूर्वीं शिक्षण समितीपुढें यावी. नामंजूर झाल्यास कारण लेखी मिळावें. ह्यास नवा कायदा नको, महापालिकेचा ठराव पुरे.

ह्या शाळासमित्यांत नगरसंस्थेच्या निर्वाचित सभासदांसहि कायद्यानें स्थान दिलें आहे. तेव्हां आपल्या प्रभागांतील शाळेच्या किती सभांस ते हजर होते, हें मतदारांनीं त्यांस वर्षअखेर विचारावें.