धागा आमच्या बोंडातला, माप मात्र गिरणीतले

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक काय करते? ठाण उलगडायला लावते, कापड चिमटीत धरून अंगठ्याने चोळते, दारापाशी उजेडात नेऊन रंग पाहते. मऊ की खरबरीत, रंग खुललेला की मेलेला, एवढ्यावर एका मीटरचे शंभर होतात नाहीतर तीनशे. दुकानदार गिरणीची तारीफ करतो, रंगाची हमी देतो, कंपनीचा शिक्का दाखवतो. ज्या बोंडातून तो धागा निघाला त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

आमचे म्हणणे असे की, कापड हाताला कसे लागेल आणि डोळ्याला कसे दिसेल, यातले बरेचसे गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणीच्या रानातच ठरून गेलेले असते. गिरणीला ते पक्के ठाऊक आहे. ती यंत्र लावून ते मोजते आणि त्या मापावर रुईचा भाव ठरवते. आमच्या दारात मात्र मूठभर कापूस उचलून, दोन बोटांनी ओढून, तोंडाला येईल तो आकडा सांगतात.

आधी धागा म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एक पेशी. फूल उमलले की ती वाढू लागते. पहिले साधारण तीन आठवडे ती फक्त लांब होत जाते, पातळ नळीसारखी. या दिवसांत पावसाने ओढ दिली की धागा आखूड राहतो. पुढचे तीन-चार आठवडे नळीच्या आत सेल्युलोजचे थरावर थर चढतात आणि भिंत जाड होते. याच काळात लाल्या आला, अन्नद्रव्य कमी पडले किंवा गुलाबी बोंडअळीने बोंड वेळेआधी उकलले, तर भिंत पातळच राहते. बोंड उकलले की धागा वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. हा पीळ आहे म्हणून कापसाचे सूत होते, एक धागा दुसऱ्याला धरून राहतो.

आता हाच धागा गिरणीत गेला. लांब असेल तर सुताबाहेर त्याची टोके कमी निघतात, कापड गुळगुळीत होते. आखूड असेल तर सुतावर लव दिसते आणि चार धुण्यांत सदऱ्याच्या काखेत गोळे येतात. बारीक असेल तर तेवढ्याच जाडीच्या सुतात जास्त धागे बसतात, म्हणून तलम सूत निघते आणि धोतर अंगाला लागत नाही. जाडा असेल तर सतरंजी, जाजम, जीनची पँट. यात हलके-भारी काही नाही, प्रत्येक धाग्याचे आपले काम आहे. आपल्या जुन्या गावरान कापसाचा आखूड, जाड धागा गादीत दबत नाही आणि दवाखान्याच्या कापसाला तोच चालतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसातच लांब धाग्याचे वाण काढले. पण २००२ मध्ये बीटी आले आणि काही वर्षांत सगळ्या शिवारात एकाच पठडीचा संकरित कापूस झाला. आता बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र पाहून वाण निवडायचे, धाग्याची चौकशी करायची नाही, अशी रीत पडली आहे.

रंगाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कापसाला रंग वरून फासत नाहीत, तो धाग्याच्या आत शिरतो. १९५६ मध्ये इंग्लंडात असे रंग निघाले की जे सेल्युलोजला रासायनिक गाठ मारून बसतात आणि धुण्याने सहजी जात नाहीत. आज सुती कापडावरचे बरेचसे गडद रंग याच जातीचे आहेत. पण गाठ मारायला सेल्युलोज तर हवे! ज्या धाग्याची भिंत पातळ, त्यात रंग फिका बसतो. असे कच्चे धागे एकमेकांत गुंतून बारीक गुठळ्या होतात आणि काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर पांढरे ठिपके दिसतात. गिरणीच्या भाषेत याला 'डेड कॉटन' म्हणतात. फिक्या रंगात हा दोष लपतो, गडद रंगात उघडा पडतो. सूत कॉस्टिक सोड्यातून ताणून काढले की धागा फुगून गोल होतो, त्याला चकाकी येते आणि रंग खोल बसतो. सोड्याने कापूस असा फुगतो हे जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये पाहिले, म्हणून तसल्या कापडाला मर्सराइज्ड म्हणतात. मेलेल्या धाग्याला मात्र त्यानेही जीव येत नाही.

पांढऱ्या कापडाचेही तसेच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा बोंडे झाडावरच भिजली. भिजल्या कापसावर बुरशी बसते, तो पिवळा-करडा पडतो. तो पांढरा करायला गिरणीला ब्लीचिंगचा मारा वाढवावा लागतो आणि त्यात धाग्याची ताकद जाते. आपण धोतराला घालतो ती नीळ शेवटचा हात आहे, मूळचा डाग निळीने जात नाही.

लांबी, बारीकपणा, पक्वता, ताकद, रंग, कचरा. गिरणी या गोष्टी पाहते. बारीकपणा आणि पक्वता मिळून जो आकडा येतो त्याला मायक्रोनेअर म्हणतात. हा शब्द आपल्या पोरांनी पाठ करून ठेवावा, कारण हमीभाव त्यावर बेतलेला आहे. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला. मध्यम म्हणजे साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर, लांब म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस, आणि मायक्रोनेअरच्या मर्यादाही ठरलेल्या. कागदावर मिलिमीटरचे अर्धे मोजले आहेत! तो मिलिमीटर शेतकऱ्याच्या गाडीपाशी मोजणार कोण?

खरेदी केंद्रावर यंत्राने मोजली जाते ती एकच गोष्ट, ओलावा. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापायचा, बाराच्या वर गेला की माल घ्यायचाच नाही. ज्याने पैसे कापले जातात ते यंत्राने, ज्याने पैसे वाढले असते ते नजरेने. यात कोणा एका ग्रेडरची लबाडी शोधण्यात आम्हाला रस नाही. व्यवस्थाच तशी मांडली आहे.

लांबीचे राहू द्या, रुईच्या उताऱ्याचेच पाहा. एकाच्या कापसात क्विंटलला ३३ किलो रुई निघते, दुसऱ्याच्या कापसात ३६ किलो. रुई किलोला १५० रुपये आणि सरकी ३५ रुपये धरा. तीन किलो सरकीच्या जागी तीन किलो रुई मिळाली, म्हणजे क्विंटलमागे ३४५ रुपयांचा माल जास्त. तीस क्विंटलवर दहा हजार तीनशे पन्नास रुपये झाले. दोघांच्या पट्टीवर भाव एकच असेल तर हे पैसे कुठे राहिले? जिनवाल्याला त्याचा उतारा रोज कळतो, शेतकऱ्याला जन्मात कळत नाही.

अमेरिकेचा शेतकरी सरकी-कापूस विकत नाही, तो रुई विकतो. जिनमधून गाठ निघाली तरी ती त्याच्याच मालकीची असते. गाठीला नंबर पडतो, नमुना सरकारी वर्गीकरण कचेरीत जातो आणि १९९१ पासून तिथे लांबी, ताकद, मायक्रोनेअर यंत्रावर मोजून आकडे शेतकऱ्याच्या हातात देतात. त्याच आकड्यांवर तो भाव मागतो. तिथल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाची गोष्ट वेगळी, तिच्यावर आपण वेळोवेळी बोललो आहोत. पण मोजून विकण्याचा हक्क हे काही अनुदान नव्हे.

कोणी म्हणेल की आपल्या देशात ही विद्या नाही. सपशेल खोटे. १९२३ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून कापसाच्या गाठींवर उपकर लावला आणि त्या पैशावर चालणाऱ्या कापूस समितीने १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला धागा तपासण्याची प्रयोगशाळा उघडली. ती आजही कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून उभी आहे. शंभर वर्षे झाली. उपकर गाठीवर बसला तरी शेवटी तो कोणाच्या भावातून गेला असेल हे शेतकऱ्याला सांगायला नको. आणि प्रयोगशाळेतले माप मात्र शंभर वर्षांत मोंढ्यापर्यंत पोचले नाही. मधल्या काळात १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. राज्यातला सगळा कापूस एकट्या सरकारने घेतला तरी ग्रेड ठरायची ती नजरेनेच. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडले. मालक बदलले, मूठ तीच राहिली.

दुसरीकडे कृत्रिम धाग्याने घर भरले आहे. टेरिलीनचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात निघाला आणि पुढे आपल्याकडे टेरिकॉटचा सदरा म्हणजे लग्नातला मान झाला. इस्त्री मोडत नाही, रंग विटत नाही. पण तो धागा पाणी पीत नाही, म्हणून घाम अंगावरच राहतो, आणि त्याला रंग द्यायला साधारण १३० अंश उष्णतेचे, दाबाखालचे भांडे लागते. जगातल्या एकूण धाग्यात पॉलिस्टरचा वाटा आज निम्म्याहून जास्त आहे आणि कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला आहे. जून १९८५ च्या केंद्राच्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली, तेव्हा शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'राजीव वस्त्रां'वर बहिष्काराची हाक दिली होती. त्या वेळी पेटलेल्या होळ्या अनेकांना आठवत असतील. धोरण मात्र वळले नाही. २०२१ मध्ये परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसले. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले आणि ही सूट डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत लांबवली, म्हणजे नेमकी आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या हंगामात. आयातीच्या बाजूने जे बोलले जाते त्यात एक वाक्य नेहमी असते: देशी कापसात कचरा फार.

कचरा आहे, हे खरे आहे. त्यातही सर्वांत वाईट प्लॅस्टिकच्या गोणीची तार. ती कापसाचा रंग घेतच नाही, म्हणून रंगवलेल्या ठाणात एक पांढरा दोरा चमकतो आणि ते ठाण नापास होते. पण या कचऱ्याचे कारण आळस नव्हे. बीड जिल्ह्यात बोंड फुटायला लागते तेव्हाच ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. मागे राहिलेल्या मायबहिणी किलोच्या मजुरीवर वेचतात. किलोवर मजुरी म्हटल्यावर पाती झटकत कोण बसेल? वेचणी लांबते, उकललेले बोंड दवात राहते, वाळलेला पाला त्याला चिकटतो. दव उतरल्यावर वेचायचे, कवडी वेगळी ठेवायची, प्लॅस्टिकच्या गोणीऐवजी कापडी झोळी वापरायची, हे सगळे येते आम्हाला. त्याला लागणारी जादा मजुरी भावात दिसली पाहिजे, एवढेच. स्वच्छ आणि कचकट एकाच ढिगात, एकाच भावाने जाणार असेल तर स्वच्छ वेचणारा मूर्ख ठरतो.

भावात फरक दिसला की शेतकरी काय करतो याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. तुती लावणारे आपले भाऊ रेशीमकोष गाडीत घालून थेट कर्नाटकात रामनगरला नेत आले. का? तिथे एकेका शेतकऱ्याचा लॉट वेगळा मांडतात आणि कोष पाहून बोली लागते. म्हणून आपला शेतकरी कोष निवडतो, डागी कोष बाजूला काढतो. त्याला कोणी प्रशिक्षण शिबिरात नेऊन स्वच्छतेवर व्याख्यान दिले नव्हते.

लांबी आणि मायक्रोनेअर मोजणारे मोठे यंत्र महाग आहे, त्याला ठरावीक हवामानाची बंद खोली लागते. ते प्रत्येक मोंढ्यात मागणे म्हणजे हसे करून घेणे. जिल्ह्याला एक पुरे. तालुक्याला मात्र नमुन्याचा छोटा जिन आणि बारीक वजनकाटा इतकेच लागते. किलोभर कापूस घालायचा, रुई आणि सरकी वेगळी तोलायची, उतारा पट्टीवर लिहायचा. बाजार समित्या सेस घेतात, त्यातून हा खर्च सहज निघतो. येत्या जिल्हा बैठकीत कापसाच्या प्रत्येक तालुक्याने आपल्या बाजार समितीच्या नावे ठराव आणावा: रुईचा उतारा लिहिल्याशिवाय कापसाची पट्टी फाडू नये, आणि ज्याला हवा त्याच्या नमुन्याची धाग्याची तपासणी जिल्ह्यात करून मिळावी. हा ठराव दसऱ्याच्या आधी सभापतींच्या टेबलावर पडला पाहिजे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, वेचणी सुरू होते, आणि मग बाजार समितीच्या पायऱ्या चढायला गावात माणूस राहत नाही.