गिअरबॉक्सचं तेल कोण बघणार?

मनाली–लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोलपंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. येणारे तिच्यासमोर फोटो काढतात आणि टाकी काठोकाठ भरून घेतात. डिझेलची काळजी सगळ्यांना असते. पण ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेऊन आलेल्यांपैकी गिअरबॉक्सचं तेल सोबत आणलेला माणूस मला इथे क्वचितच भेटला. विचारलं की उत्तर ठरलेलं: “त्याला काही बघायचं नसतं हो, कंपनीनंच सांगितलंय.”

माझं मत असं, की हे वाक्य पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर कदाचित चालेल, लडाखमध्ये चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी घेऊन यायचं असेल तर तिचं तेल सोबत हवं आणि ते भरायचं कसं हेही घरून निघण्याआधी माहीत हवं.

आधी हे तेल काय करतं ते बघू. इंजिनचं तेल मुख्यतः वंगण आणि गारवा देतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेच तेल इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं, त्याच्याच दाबावर आतल्या क्लच प्लेटा धरतात आणि उष्णताही तेच बाहेर काढतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, फेस होतो आणि दाब पडतो. मग लिव्हर डीमध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलते, चढावर इंजिन ओरडतं पण वेग येत नाही. जास्त भरलं तरी फिरणारे भाग तेल घुसळतात, पुन्हा फेस होतो आणि लक्षणं जवळपास तीच. म्हणून ‘थोडं जास्तच असू दे’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आता इथली परिस्थिती बघा. लेह 3,500 मीटरवर आहे आणि खारदुंग ला साधारण 5,350 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनची ताकद घटते, चढ तीव्र, वेग कमी. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर जास्त घसरतो आणि तेल तापतं, तर विरळ हवा कूलरला पुरेसा गारवा देत नाही. हळू, खडकाळ चढावर लो रेंज लावावी, त्यामागे हेच कारण आहे. त्यात वर आलेला दगड चेंबरला लागतो, कूलरचा होज पाइप घासून झिरपू लागतो. पँगाँगच्या वाटेवर पागल नाला आहे, दुपारी बर्फ वितळून त्याचं पाणी वाढतं. तापलेला गिअरबॉक्स त्या पाण्यात एकदम गार झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढलं जातं.

बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. कंपन्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. डिपस्टिकच्या नळीतून धूळ जायची, कुणीही हाताला येईल ते तेल ओतायचा, पातळी चुकायची. पण ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणताना आयुष्य कुणाचं, हा प्रश्न उरतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान बदला असं सांगते. तोच गिअरबॉक्स बसवलेली गाडी विकताना मात्र ‘बदलायची गरज नाही’ असं सांगितलं जातं. फोर बाय फोर म्हणून, डोंगर आणि नद्यांच्या जाहिराती करून विकलेल्या गाडीला तरी पातळी बघायची सोपी सोय द्यायला हवी, असं मला वाटतं.

ती सोय मिळेपर्यंत पद्धत शिकून घ्यावी. तुमच्या गाडीचं मॅन्युअल शेवटचा शब्द, पण डिपस्टिक नसलेल्या बहुतेक गिअरबॉक्सचं तत्त्व एकच आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आधी भरायचा नट सैल होतो का बघा. तो उघडत नसेल तर खालच्या नटाला हात लावू नका, नाहीतर आतलं तेल बाहेर आणि नवं आत जायला वाट नाही. गळती असेल तर ती आधी थांबवा. मग हातपंपाने किंवा लांब नळीच्या बाटलीने तेल भरा. इंजिन सुरू करा, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा आणि पुन्हा पीवर आणा. इंजिन सुरूच ठेवून, तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला आलं की पातळीचा नट उघडा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर, नट बंद. काहीच आलं नाही तर अजून भरा. तेल गरम असतं आणि सायलेन्सर जवळ असतो, म्हणून हातमोजे घाला.

तापमान महत्त्वाचं, कारण तेल तापलं की फुगतं. गार तेलावर पातळी लावली तर नंतर ती जास्त निघते. त्यासाठी गाडीला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर सोबत ठेवा आणि तो तुमच्या गिअरबॉक्सचं तापमान दाखवतो का, ते घरीच तपासा.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडचं एक कुटुंब वाटेत अडकलं होतं. चालक मला म्हणाला, “दादा, तेल तर कालच टाकून घेतलंय, लालच होतं.” रंग लाल म्हणजे तेल तेच, हा समज सगळीकडे आहे. टोयोटाचं डब्ल्यूएस वेगळं, डेक्सरॉन सहा वेगळं, सीव्हीटीचं तर अगदीच वेगळं. क्लच प्लेटा किती धरायच्या हे तेलातल्या रसायनांवर ठरतं, रंगावर नाही. त्यांच्या बाटलीवरचं नाव आणि मॅन्युअलमधलं नाव जुळत नव्हतं. गाडी ट्रकवर चढवून खाली न्यावी लागली. ओढून नेता आली नसती, कारण गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की आतले भाग कोरडेच फिरतात.

तेल काढल्यावर वास घ्या आणि रंग बघा. काळपट आणि जळका वास म्हणजे आतल्या प्लेटा जळल्यात, नुसतं भरून उपयोग नाही. गुलाबी, दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट मिसळलंय, तशी गाडी चालवू नका. एकदा काढून भरल्याने सगळं तेल बदलत नाही, बरंच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. काढलेलं तेल डब्यात परत न्या. नाल्यात ओतलं तर खालच्या गावाच्या शेतात जातं.

आमच्याकडे गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड होते. गाडीखाली डाग पडलाय का, नट सैल आहे का, होज घासलाय का, हे ड्रायव्हर स्वतः वाकून बघतो. आमची जिप्सी हाताने गिअर बदलायची, तरी तिला हा नियम होता. ऑटोमॅटिकला त्याची गरज जास्तच आहे. रोज सकाळी गाडी जागेवरून काढल्यावर उतरा आणि खालची जमीन बघा, दोन मिनिटं लागतात. सामानात योग्य नावाचं चार लिटर तेल, नळीचा पंप, नटाला बसणारा पाना आणि नटाचे नवे वॉशर ठेवा. पुढचा मेकॅनिक एका खिंडीपलीकडे असतो आणि त्याच्याकडे तुमच्या गाडीचं तेल असेलच असं नाही.