गाळलं काय, ते दाखवा

मैत्रिणींनो, पाणी आपण रोज गाळतो. फडक्यावर काय उरलं ते आपल्याला दिसतं. सरकार इंटरनेट गाळतं तेव्हा मात्र काहीच दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली संकेतस्थळं बंद होतात आणि २००९ च्या नियमांतला १६ वा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायला सांगतो.

“घाण बंद झाली तर बिघडलं कुठं?” भिशीत कुणीतरी म्हणतंच. मुलांच्या शोषणाची चित्रं बंद व्हायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण घाण कशाला म्हणायचं हे ठरवणाराही चुकतो. २०१५ मध्ये एका आदेशाने ८५७ संकेतस्थळं बंद केली. ओरड होताच काही दिवसांत सरकारने बरंच मागे घेतलं. ती यादी बाहेर आली म्हणून ओरड तरी झाली.

२०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते ‘लाइक’ केलं. त्या जागी आपली लेक असती तर?

घरातला फोन आपण सांभाळू, मुलांशी बोलून. सरकारने गाळलंच, तर काय आणि का, ते उघड सांगावं.